‘पर्यंत’ या शब्दाविषयी

वडूजच्या आठवडी बाजारात उधारीचा वायदा ‘आठ दिवसांनी’ असा होई. लहानपणी हा हिशेब आम्हांस जुळत नसे; या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत बोटांवर मोजले की दिवस सातच भरत. आठवे बोट पुरे व्हायचे तर दोन्ही बाजार धरावे लागतात, हे मागाहून उमगले. ‘आठवडा’ या शब्दातच ही दोन्ही टोके धरणारी मोजणी मुरलेली आहे.

पुढे प्रोग्रॅमिंग शिकताना तोच घोळ नव्याने भेटला. पास्कलमध्ये १..१५ म्हणजे १५ धरून. पायथनची रेंज(१, १५) मात्र १४वर थांबते. रूबीमध्ये दोन टिंबे दिली तर शेवटचा आकडा आत, तीन दिली तर बाहेर. एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९८२ सालच्या एका टिपणात पहिले टोक धरावे आणि शेवटचे सोडावे, असा कौल दिला. त्या रीतीत नुसत्या वजाबाकीने लांबी मिळते आणि एका पल्ल्याचा शेवट तोच पुढच्याचा आरंभ ठरतो. मधला बांध कोणाचा, हा भावकीतला तंटाच उरत नाही.

पाणिनीने ‘आ’चे दोन अर्थ निराळे नोंदवले आहेत: टोक वगळून ती मर्यादा, टोकासह तो अभिविधी. आमच्या ‘पर्यंत’ला मात्र दोन्ही ओझी एकट्याने वाहावी लागतात.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे आम्हांस एका हजेरीपटाने शिकवले. मजुरांच्या पंधरवड्याचा हिशेब करणारा छोटासा प्रोग्रॅम आम्ही पायथनमध्ये लिहिला होता. पहिला पंधरवडा रेंज(१, १५), दुसरा १६पासून. सर्वांचीच रक्कम सारखी घटल्यामुळे आम्हांस शंकाही आली नाही. वाटपाच्या दिवशी एका बाईंनी नोटा दोनदा मोजल्या आणि शांतपणे विचारले, “पंधरा तारीख कुणाच्यात धरली?”

कुणाच्यातच नव्हती. चूक पायथनची नव्हती, मराठीचीही नव्हती. पहिल्या पंधरवड्याचा शेवट आम्ही एका रीतीने लिहिला होता आणि दुसऱ्याचा आरंभ दुसऱ्या रीतीने. त्या सांध्यात प्रत्येकाचा एक दिवसाचा घाम गळून गेला होता. रेंज(१, १६) असे दुरुस्त करून राहिलेली मजुरी त्याच आठवड्यात चुकती झाली.

तेव्हापासून ‘पर्यंत’ लिहिले की आम्ही त्यापुढे ‘धरून’ किंवा ‘सोडून’ लिहितो. वाक्य थोडे बोजड होते. पण कुणाचा दिवस बुडत नाही.