आठ जणांचा संघ

२०१८ साली आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघानं चार सामने खेळले आणि चारही हरले. बीड जिल्ह्यात दुष्काळ होता. मैदान दगडासारखं टणक, पडलं की गुडघा सोलायचाच.

दसऱ्याला आम्ही चौदा जण होतो. मग कारखान्यांचा गाळप हंगाम आला आणि गावं रिकामी व्हायला लागली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कोयता लागतो, आणि कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, जोडी. आमच्या गोलकीपरची आई आजारी होती. वडिलांच्या जोडीला तो गेला. त्याच्यामागून आणखी पाच जण फडावर गेले.

शेवटच्या सामन्याला आम्ही आठ उरलो. नियमानं सात असले तरी सामना होतो, म्हणून खेळलो. सहा गोल खाल्ले.

रात्री सांगलीकडच्या फडावरून त्याचा फोन आला. “किती झाले रे?”

“दोन,” मी खोटं बोललो.

“मी असतो तर दोन्ही अडवले असते.” थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “ठेवतो. गाडी भरायचीय.”