काठावरचं नाव

जुनं मेडल हातात आलं की मी राजाचा चेहरा बघत नाही, काठ बघतो. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलवर एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. ते सगळ्यांचंच सारखं. माणूस असतो तो काठावर: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. अक्षरं इंग्रजी आणि झिजलेली. बॅटरीचा उजेड आडवा सोडला की उठून दिसतात. १०३, ११० किंवा ११७ हा आकडा आणि पुढे मराठा असं वाचायला मिळालं, की मी खुर्ची ओढून बसतो. मराठ्यांच्या या तीन पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला तिथलं सैन्य शरण गेलं. १९२२च्या फेररचनेत हे जुने आकडे गेले, त्यामुळे आकडा दिसला की काळ आपोआप ठरतो.

पण हे मेडल चांदीचं, आणि तेच त्याच्या मुळावर आलं. आमच्या जिल्ह्याचा सराफ बाजार केवढा नावाजलेला! घरात अडचण आली की आजोबांचं मेडल जळगावला मोडीत जातं. सराफ वजन करतो, घट धरतो, पैसे देतो. त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून मी कुणाच्या घरी गेलो की आधी विचारतो, ‘पितळी काही राहिलंय का?’ त्याच युद्धाचं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं. त्याला मोडीत किंमत नाही, म्हणून ते पत्र्याच्या पेटीत तळाशी सापडतं. त्याच्याही काठावर तेच नाव असतं.

दीपनगरच्या वसाहतीत राहून हा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. इकडे भुसावळ, तिकडे वरणगाव, दोन्हीकडे आयुध निर्माणी. पंचक्रोशीत माजी सैनिक पुष्कळ. गप्पा मारायला वेळ असलेला निवृत्त हवालदार भेटला, तर पुस्तकांची गरज अर्धी कमी होते. असेच एक बाबा पेटी उघडून म्हणाले, “घेऊन जाय भाऊ, पोरं विकूनच टाकतीन.” मी नेलं नाही. फोटो काढले, काठावरचं नाव वहीत उतरवलं आणि त्याची एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून दिली. वस्तू घराबाहेर पडली की पहिल्यांदा गहाळ होते ती माहिती. वस्तू पुढे पन्नास हातांतून फिरते आणि प्रत्येक हात नवी थाप जोडतो.

बिल्ल्यांचं शास्त्र निराळं. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या सुरुवातीच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ गेला, त्या जागी खंजीर आला. स्तंभाचा बिल्ला म्हणूनच दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात. अस्सल बिल्ला ठशाखाली दाबून काढलेला असतो, कडा धारदार आणि मागची बाजू पुढच्या उठावाप्रमाणे खोलगट. नक्कल बहुतेक वेळा ओतीव. पाठ सपाट, पृष्ठभागावर बारीक खड्डे. एक मात्र आहे: अस्सल बिल्लाही गुळगुळीत असू शकतो, कारण शिपायानं तो रोज ब्रासो लावून घासलेला असतो. संग्राहक म्हणतात पॉलिश करू नका, आणि नव्यानं करू नये हे खरंच. पण ती जुनी झीज मला सर्वांत प्रिय. तिच्यामागे परेडच्या किती सकाळी असतील!

कपड्यांना आमचा उन्हाळा सोसत नाही. मे महिन्यात पत्र्याची पेटी भट्टीसारखी तापते. लोकरीचा कोट हँगरला टांगला तर खांद्यात फाटतो, म्हणून आडवा, धुतलेल्या सुती कापडात. दुसरं म्हणजे तो अंगावर चढवायचा नाही. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी फौजी गणवेश घालणं गुन्हा आहे, आणि तसा हेतू नसला तरी तो मिरवणं मला पटत नाही.

बंदुका मी गोळा करत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुनाट नमुन्याच्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही, अशी अट आहे. आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर निघाली तर आधी पोलीस ठाणं गाठावं, संग्राहक नंतर. थ्री नॉट थ्रीवरचे शिक्के वाचायला मला बंदूक घरात लागत नाही. ईशापूरला बनलेल्या जुन्या रायफलीवर मुकुट, पुढच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह. प्रजासत्ताक कधी आलं हे त्या लोखंडावरही कळतं.

सध्या शोध धरणगावचा आहे. जेम्स आउटरामनं १८२५मध्ये तिथे खानदेश भिल्ल कोअर उभी केली. तिच्याविषयी गॅझेटिअरमध्ये वाचायला मिळतं. तिचं एखादं बटण, पट्ट्याची पितळी पाटी मात्र अजून कुणाच्या घरात पाहायला मिळालेली नाही. पुढे ते दल पोलिसात सामावलं. त्यामुळे आता फौजी घरांऐवजी तीन-चार पिढ्यांची पोलीस घरं विचारत फिरतो आहे.