रेघेची साक्ष

देवस्थानच्या वहिवाटीच्या एका दाव्यात आम्ही सुबक नकाशावर विसंबलो. प्रत्यक्ष जागा पाहिली आणि खजील झालो. तेव्हापासून आम्हांस स्पेनचा काहाल वारंवार आठवतो. लहानपणी ह्यास चित्रकार व्हावयाचे होते, झाला शरीरशास्त्रज्ञ. इटलीच्या गोल्जीने १८७३ साली शोधलेल्या रंजनपद्धतीनेच त्याने मेंदूचे काप पाहिले. गोल्जीस मज्जातंतूंचे अखंड जाळे दिसले. काहालने सुट्या पेशी रेखाटल्या. पुरावा एक, साक्षी दोन! १९०६ चे नोबेल पारितोषिक मात्र दोघांस विभागून मिळाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधील फट दाखविली आणि काहालची रेघ खरी ठरली. रेखाटणे हाही एक निवाडाच. त्यास कुशल हात हवा; पण त्याआधी, आमच्यापाशी त्या दिवशी नव्हता तो, जागा पाहून आलेला डोळा हवा.