कुसळ

गेल्या वर्षी वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, तेव्हा आडत दुकान थोरल्या बंधूंकडे गेले आणि इंदापूर तालुक्यातील बारा एकरांचे माळरान माझ्या वाट्याला आले. सातबारावर त्याची नोंद ‘पोटखराबा’ अशी. विहीर नाही, पीक नाही. नजर जाईल तिथवर कुसळी गवत. व्यापारी मनाला पडून राहिलेले भांडवल सोसत नाही. वडिलांच्या स्मरणार्थ तेथे एक हजार झाडे लावावीत, असे मी ठरवले. नातेवाइकांना कळवले, काहींनी रक्कमही पाठवली. कार्तिकात खड्ड्यांची आखणी करण्यासाठी माळावर गेलो.

परतताना धोतर कुसळांनी भरले होते. काढू पाहावे तो ती अधिकच आत शिरत. बांधावर मेंढरे घेऊन एक वृद्ध धनगर उभे होते. मी म्हटले, “बाबा, मेंढरं माळावर का नाही घातलीत?”

“आता न्हाई, शेठ. कुसळं लोकरीत घुसत्यात, मग कातड्यात जात्यात. श्रावणात गवत कवळं असतंय, तवा चारतो. तुमचं वडील कवा न्हाई म्हणलं न्हाईत. पर ह्ये खड्डे कशापायी?”

मी झाडांचा बेत सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, “मग आमी जायचं कुठं?”

त्या रात्री झोप लागली नाही. वडिलांच्या जुन्या वह्या काढल्या. दरवर्षी मार्गशीर्षात एकच नोंद : माळाचे गवत, इतक्या गाड्या, पांजरापोळ. रकमेच्या रकान्यात शून्य. दुष्काळाच्या सालीही, एखादी का होईना, गाडी होतीच. ज्याला मी पडीक समजत होतो, त्या जमिनीचा हिशेब वडील नफ्याच्या खात्यात नव्हे, दुसऱ्याच खात्यात मांडत होते.

मग लहानपणची एक गोष्ट आठवली. वडिलांनी माझ्या तळहातावर एक कुसळ ठेवले व त्यावर पाण्याचा थेंब सोडला. पिळलेली तपकिरी शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरू लागली. मी घाबरून हात झटकला होता. ते हसून म्हणाले होते, “अरे, ते बी पेरणी करते आहे.” खरोखरच तसे आहे. दवाने भिजताच शेपटी उलगडते, उन्हाने वाळताच पुन्हा पिळते आणि या फिरण्याने टोकदार बी मातीत शिरते. टोकावरचे मागे वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. युरोप-आशियातील स्टेप माळांवरच्या स्टिपा गवताचे बीही असेच स्वतःला पुरून घेते. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८७६ साली त्यावर निबंध लिहिला होता. वडिलांनी तो वाचला असण्याचा संभव नाही. मात्र त्यांचा दंडक होता : कुसळ गळल्याशिवाय विळा लावायचा नाही. त्याने पुढच्या वर्षाचे बी जमिनीला मिळते आणि गुरांची तोंडेही सोलत नाहीत.

माळ रिकामा नसतो, हे मला उशिरा कळले. गवताची मुळे पातळ माती धरून ठेवतात. चंडोल व धाविक जमिनीवरच अंडी घालतात; त्यांना मोकळे रान लागते. दाट झाडी झाली की तिच्या सावलीत हे गवत मागे हटते. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, ते याच जातीच्या माळांवर.

मी खड्डे थांबवले. नातेवाइकांची रक्कम त्यांना विचारून पांजरापोळाकडे वळवली. घराजवळच्या विहिरीकाठी मात्र अकरा झाडे लावली. बंधूंना हे रुचलेले नाही. “झाडे लावणे हेही पुण्यच ना?” असे ते आजही विचारतात. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण पुण्य करण्याच्या घाईत तेथे आधीपासून कोण राहते आहे, हे मी विचारलेच नव्हते.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण सहज म्हणतो. माझ्या डोळ्यातले मुसळ मला धोतरातल्या कुसळानेच दाखवले. या मार्गशीर्षात वहीत नोंद माझ्या हस्ताक्षरात झाली : माळाचे गवत, चार गाड्या, पांजरापोळ. रकमेच्या रकान्यात मीही शून्य लिहिले.