समुद्रात सातबारा नसतो

गेल्या आठवड्यात जहाजावरचे फोटो टाकले आणि निम्म्या खेड तालुक्याने एकच प्रश्न विचारला, "पॅकेज कितीला पडलं?" तर सांगून टाकतो. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, चौघांचे मिळून माझा दीड महिन्याचा पगार. जेवण त्यात धरलेलं, गोव्यात उतरून फिरायचे पैसे वेगळे. हिशेब संपला. आता मुद्द्याचं.

नाताळातच का गेलो? कारण चाकणला आमची लाइन वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात देखभालीसाठी बंद असते. आम्ही पर्मनंट लोक सुट्टी टाकतो, कंत्राटी पोरांचे खाडे पडतात. चाकणचे चौक तुंबायच्या आत पार करायचे म्हणून २४ डिसेंबरला पहाटे चारला राजगुरुनगर सोडलं. मी, बायको, मुलगी आणि सासूबाई.

सासूबाईंचं वय ७२. मूळच्या विजयदुर्गाकडच्या. मुलीला जहाज म्हणजे स्विमिंग पूल आणि नाताळचं झाड. सासूबाईंना जहाज म्हणजे एसटी! लहानपणी त्या मुंबईला बोटीनेच यायच्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट गोव्याकडे जायची. बऱ्याच ठिकाणी धक्काच नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि ट्रंका, फणस, पोरंबाळं सगळं पडावातून किनाऱ्याला लागायचं. पुढे 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' या बोटी आल्या. पावसाळ्यात सेवा बंद असायची, बोट लागून माणसं आडवी व्हायची, तरी चाकरमान्याला परवडणारी ती वाट होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधीच ती बंद पडली होती.

बायको आधी यायलाच तयार नव्हती. १८ डिसेंबरला, म्हणजे आम्ही निघायच्या सहाच दिवस आधी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ माणसं गेली. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. आमच्या जहाजावर मात्र सुटण्याआधी प्रत्येक प्रवाशाला बोलावून, जॅकेट कसं घालायचं आणि भोंगा वाजला तर कुठं जमायचं हे दाखवलं. बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. महागाच्या तिकिटाला पाळला जाणारा नियम साध्या लाँचच्या तिकिटाला का पाळला जात नाही? १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यालाही २०२४ मध्ये ७७ वर्षं झाली.

पहाटे चारच्या सुमारास सासूबाई उठून डेकवर आल्या. लांबवर दिव्यांची एक बारीक ओळ दिसत होती. "गो, विजयदुर्ग इला काय?" त्यांनी लेकीला विचारलं. आला असावा. पण जहाज थांबणार नव्हतं. सातशेहून जास्त किलोमीटरचा महाराष्ट्राचा किनारा, त्यातला मुंबईखालचा सगळा भाग आम्ही झोपेत मागे टाकला आणि थेट मुरगावला लागलो. म्हणजे पर्यटक बस लागल्या गोव्याच्या, गाइड गोव्याचा, शहाळी गोव्याची. यात गोव्याचं काही चुकलं नाही. त्यांनी बंदर तयार ठेवलं, जहाज तिथे थांबतं.

नाताळचा दिवस, त्यात सेंट झेवियरच्या शवाचं दहा वर्षांतून एकदा होणारं प्रदर्शन चालू. जुन्या गोव्यात माणसांची रीघ. गाइडने दिलेल्या वेळात आम्ही बॉम जीझस बाहेरून पाहिलं, फोटो काढले आणि परत बसमध्ये बसलो.

संध्याकाळी जेवण वाढणारा मुलगा सासष्टीचा निघाला. तिथून त्याचं घर तासाभरावर. आई, बहीण, घराबाहेर लावलेला कागदी तारा, सगळं तासाभरावर. "मग उतरलास का?" सासूबाईंनी विचारलं. तो हसला. "ड्यूटी आजी. तुम्ही फिरून येता तोवर आम्हाला पुढची तयारी असते." जहाजावरच्या कामगाराला बंदरात उतरू द्यावं, असं २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार सांगतो. पण कामाच्या गरजेनुसार. आणि नाताळात गरज कधी संपते? आपल्या आगारातल्या चालक-वाहकांना विचारा, लक्ष्मीपूजनाला त्यांची गरज कधी संपते ते. सासूबाईंनी घरून आणलेल्या करंज्यांतल्या चार त्याच्या हातावर ठेवल्या.

आता कुणी म्हणेल, राजगुरुनगरच्या माणसाला कोकणातल्या बंदरांचं काय? सांगतो. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. तो व्हायलाच हवा, चाकणमध्ये रोज अडकणारा मीच आहे. पण रस्ता म्हटलं की मोजणी, भूसंपादन, मोबदल्याची भांडणं हे आपल्याइतकं कुणाला माहीत? समुद्रात सातबारा नसतो. तिथे रस्ता तयार आहे, लागतात ते धक्के, चांगल्या बोटी आणि कडक तपासणी. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो २०२० पासून चालू आहे. गाडीसकट माणूस साधारण तासाभरात पलीकडे. म्हणजे जमतं. पावसाळ्यात अडचण येईल, वेळही लागेल, मान्य. पण गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर काय होतं ते आपण बघतोच. आपल्या चाकणच्या कारखान्यांतही रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पोरं आहेत. तीही त्याच रस्त्याने गावी जातात.

क्रूझला माझा विरोध नाही. पैसे साठवून गेलो, मजा केली, पोरगी खूश आहे. पण जी वाट सासूबाईंच्या वडिलांना गिरणीच्या पगारात परवडायची, तीच आज मला वर्षभर साठवून दोन रात्रींसाठी मिळते, आणि मधल्या एकाही गावात उतरता येत नाही, याला प्रगती म्हणायला जीभ वळत नाही.

तुमच्या घरी बोटीने गावी गेलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा, कुठल्या बंदरात उतरायचे आणि तिकीट किती होतं. खाली लिहा. आमदार-खासदार मत मागायला आले की त्यांना दाखवायला आपल्याकडे एक यादी तरी होईल.