चतुःसीमा

घर घ्यायचं म्हटलं की माणूस काय पाहतो? पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना आणि मग किंमत. आमच्या यादीत आणखी दोनच गोष्टी होत्या. मुलीला अभ्यासाला बसता येईल अशी खिडकीची एक खोली, आणि रात्री दहानंतर शांतता. एवढी मागणी तोंडातून काढायला मला तेरा वर्षांची नोकरी लागली, आणि ती पुरी व्हायला पुढे दीड वर्ष.

मी वर्धा जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. करून लागले तेव्हा पहिली तीन वर्षं मानधनावर शिक्षण सेवक होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हा शिक्षकांना जुनी पेन्शन नाही, जी.पी.एफ. नाही. त्यामुळे एकरकमी पैसा हाताशी येण्याची वाट बंदच. मिस्टरांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलर, हंगामात शेतकऱ्यांचे पंप, मधले महिने कोरडे. सासरचं घर जुन्या मोहल्ल्यात. खाली दोन खोल्या, वर टिनाची एक, आणि राहणारी माणसं सहा.

मोहल्ल्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या बाळंतपणाच्या रात्री दोन वाजता दारात तीन ऑटो उभे होते, आणि एकानेही पैसे घेतले नाहीत. सासरे आजारी होते तेव्हा महिनाभर कोणाच्या ना कोणाच्या घरून डबा येत होता. पण नाली उघडी, नळ दिवसाआड, कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडावरूनच वळायची. एका भिंतीपलीकडे शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीपलीकडे टीव्ही, आणि लग्नसराईत डीजे. मुलगी नववीत गेली. कानात कापसाचे बोळे घालून ती बीजगणित सोडवायची. ते पाहून मी २०२४ च्या उन्हाळ्यात घर शोधायला लागले.

वर्धा शहर वाढलं ते सिंदी, पिपरी, बोरगाव, सावंगी या 'मेघे' गावांकडे आणि नालवाडीकडे. तिथे लेआऊट पडले आणि शिक्षक, बँकवाले, एस.टी.वाले यांनी कर्ज काढून घरं बांधली. आता अंगणातली झाडं मोठी झाली आहेत, मुलं पुण्याला नोकरीला गेली आहेत, आणि म्हातारा-म्हातारीला चार खोल्या झाडणं होत नाही. म्हणून अशी घरं विकायला निघतात. मला असंच घर हवं होतं. नव्या लेआऊटमध्ये रस्त्याची वाट पाहत दहा वर्षं घालवायची नव्हती. मुलीची दहावी तोवर थांबणार नव्हती.

फोनवर सगळं छान जमायचं. माझं मराठी चांगलं आहे. समोरचे काका कौतुकाने विचारायचे, "मॅडम, शिक्षिका का? मग तर उत्तमच. आमच्या ओळीत सगळे नोकरीवालेच." मग प्रश्न यायचा, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगायची, शेख. क्षणभर शांतता. मग "घरात विचारून सांगतो." अशी सात घरं झाली. कोणीही वाकडा शब्द बोललं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. एकाने तर चहा पाजून, तुळशीपाशी उभं राहून, मुलीच्या अभ्यासाची चौकशी करून नकार दिला. तोंडावर 'नाही' कोणीच म्हटलं नाही. परत फोन मात्र एकाचाही आला नाही.

कारणं दलालाकडून कळायची. "मांस-मच्छीचा वास येईल म्हणतात, मॅडम." मला हसू आलं. रविवारी सकाळी आमच्या मोहल्ल्यातल्या मटणाच्या दुकानापुढे रांग लागते, तिच्यातले निम्मे लोक याच कॉलन्यांतून स्कूटीवर आलेले असतात. दलाल भला माणूस होता. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मले बजेट सांगा, एरिया मी सांगतो."

त्याने सांगितलेला एरिया म्हणजे आमच्याच वस्तीला लागून पडलेला लेआऊट. डांबर नाही, नाली नाही, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालायचं. पण चौरस फुटाचा भाव मात्र तिकडच्या कॉलनीपेक्षा फारसा कमी नाही. असं का, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. ज्याला दुसरीकडे कोणी घर देत नाही, त्याला इथे घ्यावंच लागतं, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. विकणाराही बहुधा आपलाच असतो. नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर विकत किंवा भाड्याने मिळत नाही, अशी तक्रार नोंदलेली आहे. आपण तो अहवाल सभांमध्ये फार वाचला. नकाराची किंमत प्रति चौरस फूट आपल्याच खिशातून जाते, हे मला दलालाच्या मोटरसायकलमागे स्कूटी हाकताना कळलं.

आठव्या घरी जमलं. इसार दिला, इसारचिठ्ठी झाली. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः दुकानात आले. मिस्टरांच्या हातात पूर्ण रक्कम ठेवून म्हणाले, "भाऊ, मले काही अडचण नाही. पण आजूबाजूचे चार जण घरी येऊन बसले. मले याच लोकायत म्हातारपण काढायचं हाय." त्यांचा राग आला नाही. पण एक गोष्ट लख्ख दिसली. घर विकायचं की नाही हे मालक ठरवतो. कोणाला विकायचं ते मात्र शेजारी ठरवतो.

माझा धाकटा दीर वकिली शिकतो. त्याला विचारलं, शेजाऱ्याला असा हक्क आहे का? तो म्हणाला, "भाभी, होता. आणि तो आपल्याच कायद्यात होता." हनफी फिकहमध्ये 'शुफा' नावाचा हक्क आहे. घर विकायला निघालं तर आधी सहमालकाने, मग वाट-पाण्यात भागीदार असलेल्याने, आणि त्यानंतर लगतच्या शेजाऱ्याने ते त्याच किमतीत मागावं. म्हणजे शेजाऱ्याने परक्याला नुसतं अडवायचं नाही, स्वतः पूर्ण पैसे मोजायचे. आपल्या देशात कित्येक ठिकाणी हा रिवाज हिंदूंमध्येही रुजला होता. १९६२ मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारी म्हणून मिळणारा हा हक्क घटनेत बसत नाही, असं ठरवलं. पैसे मोजणाऱ्या शेजाऱ्याचाही हक्क तिथे संपला. मग एक रुपया न मोजता नुसतं घरी येऊन बसणाऱ्याचा हक्क आला कुठून? दिराने दुसरी बाजूही सांगितली. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासद फक्त पारशीच असतील असा नियम ठेवला होता. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने तो मान्य केला. संस्था काढून दार लावून घेता येतं, असा त्याचा अर्थ. पण आमच्या मेघे गावांतल्या या ओळींमध्ये सोसायटी नाही, सभासद नाहीत. सुटे प्लॉट, सुटे सातबारे. इथे दार लावणारी फक्त नजर आहे.

आणि गाव कोणतं? वर्धा. ऑगस्ट १९३४ मध्ये खान अब्दुल गफार खान तुरुंगातून सुटले, तेव्हा सरकारने त्यांना त्यांच्याच सरहद्द प्रांतात आणि पंजाबात यायला बंदी केली. ज्या माणसाला स्वतःच्या घरी जाता येत नव्हतं, तो वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्याकडे येऊन राहिला. डिसेंबरमध्ये त्यांना पुन्हा अटक झाली, तीही इथेच. १९३७ ची शिक्षण परिषद याच शहरात भरली आणि नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. बी.एड.ला 'वर्धा योजने'वर मी दहा गुणांचा प्रश्न सोडवला आहे. माझी तक्रार गांधीजींच्या जिल्ह्याने असं करावं का, अशी नाही. पाहुणा ठेवून घेणं आणि शेजारी होऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला या शोधात समजलं. पाहुणा जाणार असतो.

घरातला विरोध वेगळाच होता. सासूबाई म्हणाल्या, "बेटा, वहाँ मय्यत को कंधा देने चार आदमी कहाँ से आएँगे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात मार्च २०२५ मध्ये नागपुरात महाल भागात दंगल झाली, कर्फ्यू लागला. नागपूर आमच्यापासून दीड-दोन तासांवर. सासूबाईंनी टीव्हीकडे फक्त बोट दाखवलं. तीन आठवडे घराचा विषय कोणी काढला नाही. गर्दीत सुरक्षितता असते हे खोटं नाही. पण त्या सुरक्षिततेचं भाडं माझी मुलगी कानात कापूस घालून भरत होती.

दुसरा प्रश्न ब्याजाचा. मौलानांनी सांगितलं, टाळता येईल तेवढं टाळा, निभाव नसेल तर तुमचा जमीर जाणे. दागिने मोडले, बीसी उचलली, भाईजाननी हातउसने दिले. उरलेलं बँकेचं कर्ज, जमेल तितक्या कमी मुदतीचं. यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

आणि एक गोष्ट आपण आपसात बोलायला हवी. मोहल्ल्यातच एक रिकामं घर पाहायला गेलो, तेव्हा पहिला प्रश्न आला, "बिरादरी कौनसी?" मी लग्न होऊन आले त्या वर्षी सरकारी दवाखान्यातली एक बौद्ध नर्स आमच्या गल्लीत खोली मागायला आली होती. एकटी बाई, रात्रपाळी, असं म्हणून बुजुर्गांनी घरमालकाला समजावलं. ते बुजुर्गही मालकाच्या घरी येऊन असेच बसले होते. सूरए निसाच्या ३६व्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलाईने वागा असं आलं आहे. जिब्रईल शेजाऱ्याबद्दल इतक्यांदा ताकीद देत राहिले की शेजारी वारसदारच ठरतो की काय असं रसूलुल्लाहना वाटलं, ही हदीस मी दरवर्षी वर्गात सांगते. मुलं माना डोलावतात. हक्क आपल्याला मिळायचा असतो तेव्हा ती फार गोड लागते.

नववं घर मिळालं ते एका शेजाऱ्यामुळेच. मालकीणबाईंनी पूर्वेच्या घरी विचारलं. तिथे एस.टी.तून निवृत्त झालेले एक बौद्ध गृहस्थ राहतात. त्यांचं म्हणणं बाईंनी मला नंतर सांगितलं, "मास्तरीण हाय, पगार हाय, पोरगी शिकते. अजून काय पायजे? आमी आलो तवाही असेच चार जण बसले होते." एवढ्या दोन वाक्यांवर माझं घर झालं. चौघांची बैठक भरायच्या आत कोणीतरी एकाने होकार दिला होता.

घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आणि कमाई माझी होती. बाईने कमावलेलं बाईचं, हे कुरआनने कधीच सांगून ठेवलंय. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अर्जनवीसाने खरेदीखत वाचून दाखवलं. त्यात धर्माचा रकाना कुठेच नाही. चतुःसीमा मात्र आहे. पूर्वेस यांचं घर, पश्चिमेस यांचं, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांचा प्लॉट. शेजाऱ्यांच्या नावाशिवाय माझं घर कायद्यालाही ओळखू येत नाही. आणि उद्या त्यांच्यापैकी कोणी घर विकलं, तर त्यांच्या कागदावर माझं नाव लागेल.

राहायला येऊन सहा महिने झाले. अजान ऐकू येत नाही, मिस्टर फजरला स्कूटरने जातात. सासूबाई जुम्मेरातला मोहल्ल्यात जातात त्या शनिवारी परततात. ईदला शीरखुर्मा ओळीतल्या अकरा घरी दिला. नऊ घरांतून भांडं परत येताना रिकामं आलं नाही. दोन घरांनी दार उघडलं नाही. मुलीच्या खोलीला खिडकी आहे.

गेल्या महिन्यात पश्चिमेचं घर विकायला निघालं. पाहायला आलेला माणूस पारधी समाजातला, सरकारी नोकरीत. संध्याकाळी ओळीतले दोघे आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मॅडम, तुमचं काय मत हाय?" मी चहा ठेवला आणि म्हटलं, "विकणारे ते, घेणारे ते. कागद साफ आहेत ना? मग माझं मत कशाला लागतं?" ते चहा पिऊन गेले. पुढे काय होतं ते अजून कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पश्चिमेच्या काकूंना जाऊन सांगून आले, आमच्याकडून होकार आहे म्हणून. कोणी विचारायच्या आधीच.