उजेडाला आडवळण

सौर सेलसाठी टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप काचेवर चढवायचं आमचं यंत्र म्हणजे चिकटपट्टी आणि काचकांडी. वाहक काचेच्या दोन्ही कडांना पट्टी लावायची, वरच्या टोकाला पेस्ट सोडायची आणि कांडी एका दमात खाली ओढायची. हात मध्येच थबकला की आडवी रेघ उमटते आणि ४५० अंशांच्या भट्टीत नेमकी तिथेच फिल्म तडकते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मी लेपाच्या स्प्रे आणि केमिकल बाथ या पद्धती शिकलो होतो. ही ओढणी हातात बसली ती धारवाडला.

टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा पदार्थ एकटा अतिनील किरणांपलीकडचं फारसं काही टिपत नाही. म्हणून त्याला उजेड टिपणारा रंग, म्हणजे डाय, पाजायचा. पण सपाट पृष्ठभागावर डायचा एक थर म्हणजे नसल्यातच जमा. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी सपाटपणाच सोडला. वीसेक नॅनोमीटरचे कण जोडून केलेल्या दहा मायक्रॉनच्या फिल्ममध्ये, एका चौरस सेंटिमीटरच्या पोटात जवळजवळ एक चौरस फूट पृष्ठभाग मावतो. त्यांच्या सौर सेलने सात टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेची मजल मारली.

तरी तांबडा उजेड बराचसा निसटतोच. नव्या मुलांना यावर एकच सुचतं : थर जाड करा. मी करू देतो. करंट थोडा वाढतो, मग अडतो. व्होल्टेज मात्र घसरत जातं. इलेक्ट्रॉनला कणाकणांतून काचेपर्यंत यायचं असतं. वाट लांबली की तो मध्येच छिद्रांत भरलेल्या इलेक्ट्रोलाइटला जाऊन मिळतो. वाट उजेडाची लांबवायची, इलेक्ट्रॉनची नाही. त्यासाठी बारीक कणांवर चारेकशे नॅनोमीटरच्या भरड कणांचा एक हात फिरवायचा. आरपार जाणारा तांबडा उजेड तिथे विखरून पुन्हा आत वळतो. काच छापील कागदावर ठेवून पाहा : नुसत्या बारीक थरातून अक्षरं वाचता येतात, भरड हात फिरला की ती पुसली जातात. नॅनोफुलं, नॅनोतारा यांची सूक्ष्मदर्शकातली चित्रं देखणी असतात. मी आधी ही अक्षरं बघतो.

धारवाडच्या केलगेरी तळ्यावरून पावसाची भुरभुर सुरू झाली की वेगळीच पंचाईत. भट्टीतून काढलेली फिल्म हवेतला दमटपणा पिते आणि डायची जागा पाणी बळकावतं. म्हणून ऐंशी अंशांवर उतरताच, गरम असतानाच ती डायमध्ये सोडायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी ती गर्द करवंदी निघाली, तरच पुढची जोडणी.